माजलगांवचें तांबें

मराठवाड्यांतील एखाद्या तालुक्याच्या गांवीं पाहण्यासारखें काय असणार, असें पुष्कळांस वाटतें. कल्याणहून निघून नगर, पाथर्डी, गढी हीं गांवें मागें टाकीत परभणी-नांदेडकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर माजलगांव लागतें. बहुतेक प्रवासी येथें चहापुरते उतरतात व पुढें चालते होतात. परंतु दोन दिवस राहण्याची सवड ज्यास असेल, त्याचा वेळ येथें वायां जाणार नाहीं.

गांवालगतच सिंदफणा नदीवर मातीचें मोठें धरण आहे. तें १९८७ सालीं पुरें झालें. पैठणच्या नाथसागरांतून निघालेल्या उजव्या कालव्याचें पाणीहि याच जलाशयांत येतें. पुढें मंजरथ येथें सिंदफणा गोदावरीस मिळते. याच तालुक्यांत गोदातीरीं पुरुषोत्तमपुरी हें क्षेत्र आहे. अधिक मासांत तेथें यात्रेकरूंची एकच दाटी होते. इतिहासाच्या अभ्यासकांस मात्र हें गांव निराळ्या कारणानें ठाऊक आहे. देवगिरीच्या रामचंद्रदेव यादवाचा शके १२३२ चा, म्हणजे इ. स. १३१० चा ताम्रपट या गांवाच्या नांवानें प्रसिद्ध आहे. राजानें आपल्या पुरुषोत्तम नांवाच्या मंत्र्यास दिलेल्या अग्रहाराचा तो लेख होय. सातशें वर्षें उलटलीं, राज्यें आलीं व गेलीं. तांब्यावर कोरलेला शब्द टिकला.

तांब्याचें दुसरें एक काम मीं याच मुक्कामांत पाहिलें, आणि तेंच येथें मुख्यत्वें सांगावयाचें आहे.

ज्यांच्या घरीं मी उतरलों होतों त्यांचें कुटुंब एकत्र; दोघां भावांचीं मिळून पांच मुलें, आणि पांचांत सामाईक असा एक व्हिडिओ गेमचा संच. चार्जिंगची पिन कोणीतरी हिसका देऊन ओढली, आणि संच मुका झाला. शहरांतील एका दुरुस्ती-केंद्रानें सबंध बोर्ड बदलण्याचा सल्ला दिला होता. त्याचा खर्च फार. शिवाय मुलांनीं दोन वर्षें खेळून सांठविलेलें सारें जुन्या बोर्डाबरोबर जाणार होतें. तेव्हां थोरल्या मुलास घेऊन मी बसस्थानकाजवळच्या एका मोबाइल-दुरुस्तीच्या दुकानीं गेलों.

दुकानदार पंचविशींतील तरुण. संच उघडून त्यानें सूक्ष्मदर्शकाखालीं धरला आणि मला पाहूं दिलें. चार्जिंगच्या खोबणीचे पाय ज्या तांब्याच्या टिकल्यांवर जोडलेले असतात, त्यांस पॅड म्हणतात. त्यांतील दोन पॅड मुळांतून उखडले होते. बोर्ड हा कांचेच्या धाग्यांचा व इपॉक्सी नांवाच्या कृत्रिम राळेचा बनविलेला असतो, आणि त्यावर तांब्याचा पत्रा चिकटविलेला असतो. या पत्र्याची जाडी सामान्यतः ३५ मायक्रॉन, म्हणजे केंसाच्या निम्म्याच्या आसपास. शिसें-कथलाचा डाख १८३ अंशांवर वितळतो, बिनशिशाचा सुमारें २१७ वर. तांब्यास वितळावयास १०८५ अंश लागतात. अर्थात् तापलेल्या इस्त्रीनें तांब्याचें कांहीं बिघडत नाहीं. त्यास धरून ठेवणारी राळ मात्र ढिली पडते, आणि मग एका हिसक्यासरशी टिकली निघून येते.

“होईल का?” मुलानें विचारलें.

“होईल की. पण काका, याला थोडं थांबावं लागेल,” तो मला म्हणाला. “त्या मावशी उद्यां कारखान्यावर निघाल्यात. आधीं त्यांचा फोन.”

दसरा नुकताच झाला होता. बीड जिल्ह्यांतून दर वर्षीं या सुमारास लाखों माणसें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात, तीं उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. पुष्कळांचीं मुलें मागें आजीआजोबांपाशीं राहतात. बाकावर बसलेल्या त्या बाईंच्या फोनाचाहि एक पॅड असाच उखडला होता. पांच-सहा महिने लेकरांचा आवाज ऐकावयाचा तो त्या फोनांतूनच. आमच्या मुलानें कांहीं न बोलतां स्टूल मागें सरकविलें.

मग जें काम झालें तें पाहून मला आमच्या लहानपणचा कल्हईवाला आठवला. तो भांडें तापवी, नवसागराची पूड टाकी, तिनें तांब्यावरचा काळा थर सुटे, मग कथील फिरवून कापसाच्या बोळ्यानें चकचकीत लेप देई. येथें तेंच शास्त्र मोहरीएवढ्या जागेंत. तरुणानें स्पिरिटानें जागा पुसली. पात्याच्या टोंकानें हिरवा लेप खरवडून खालची तांब्याची वाट उघडी केली. नवसागराच्या जागीं फ्लक्स लावला, आणि डाखाचा पातळ थर दिला. केंसासारख्या तारेचें एक टोंक त्या वाटेवर व दुसरें खोबणीच्या पायावर जोडलें. वर नवा हिरवा लेप देऊन अतिनील दिव्याखालीं तो कठीण केला. शेवटीं मीटर लावतांच बारीक शीळ वाजली. मावशींनीं लागलीच घरीं फोन लावला, आणि बोलत बोलतच त्या बाहेर पडल्या.

आमचा संच तासाभरानें तयार झाला. खोबणीचे बाजूचे जाड पाय त्यानें मुद्दाम भरपूर डाख देऊन बसविले. ओढ बसली तर ती त्या पायांनीं सोसावी, नाजूक तारेवर येऊं नये, हें त्यानें मुलास समजावून सांगितलें.

वस्तु दुरुस्त करून घेण्याचा ग्राहकाचा हक्क मान्य व्हावा, या हेतूनें केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें २०२२ च्या डिसेंबरांत एक संकेतस्थळ उघडलें. उपक्रम चांगला आहे. तथापि हक्क बजावावयाचा तर दुरुस्त करणारे हात गांवांत असावे लागतात, आणि ते आपण काम दिलें तरच टिकतात. आपल्या घरांतून कल्हईवाला गेला तो भांडीं बदललीं म्हणून. हा नवा कल्हईवाला आपल्या आळसामुळें जाऊं नये. एखादी वस्तु टाकण्यापूर्वीं ती त्याच्या दुकानीं एकदां नेऊन पहावी. आणि मुलांस बरोबर न्यावें, म्हणजे पिन हळू ओढावी हें त्यांस निराळें सांगावें लागत नाहीं.