उसनी स्लाइड

नवा धडा सुरू होण्याच्या आदल्या रात्री शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो : "कुणाकडे याची पीपीटी आहे का?" दहा मिनिटांत दोन-तीन फायली येऊन पडतात. कुणी त्यातल्या चार स्लाइड उचलतो, कुणी आठ, आपल्या फाइलमध्ये टाकतो, पहिल्या पानावर शाळेचं नाव बदलतो आणि झोपायला जातो. २०२० साली शाळा बंद होत्या तेव्हा मोबाइलवर शिकवण्यासाठी आम्ही सगळ्यांनीच अशा फायलींचा साठा केला. त्यातला बराचसा अजून चालू आहे.

मला यात काही वावगं वाटत नाही. सर्वेक्षणं, माहिती भरणं, प्रशिक्षणं यांतून उरलेल्या वेळात प्रत्येक शिक्षकाने पाण्याच्या चक्राचं चित्र नव्याने काढत बसावं, ही अपेक्षाच चुकीची आहे. आणि ही सवय काही संगणकाने लावलेली नाही. आमच्या बी.एड.च्या वर्षी सराव पाठांना तक्ते लागायचे. ते मागच्या बॅचकडून पुढच्या बॅचकडे जात. खालच्या कोपऱ्यातल्या नावावर पांढरी पट्टी चिकटवलेली असे. तक्ता उजेडात धरला की पट्टीखालची जुनी नावं दिसत. पॉवरपॉइंट १९८७ साली आलं तेव्हा तेही आधी ओव्हरहेड प्रोजेक्टरसाठी पारदर्शिका तयार करायलाच होतं. एकदा केलेलं साहित्य पुन्हा वापरणं हा आमच्या पेशाचा जुनाच रिवाज आहे.

म्हणून स्लाइड उसनी घ्यावी की नाही, या प्रश्नात मी शिरत नाही. ती एका फाइलमधून दुसरीत आणताना तिच्याबरोबर आणखी काय काय येतं, एवढंच इथे पाहायचं आहे.

आधी हाताचं काम. पॉवरपॉइंटच्या बऱ्याच आवृत्त्यांमध्ये 'न्यू स्लाइड'च्या खाली 'रियूज स्लाइड्स' असा पर्याय असे. दुसरी फाइल उघडायची आणि हवी ती स्लाइड उचलायची. गूगल स्लाइड्समध्ये हेच काम 'इम्पोर्ट स्लाइड्स'ने होतं. दोन्हीकडे एक छोटा प्रश्न विचारला जातो : मूळचं रंगरूप ठेवायचं का? 'हो' म्हटलं तर मूळ फाइलचा सगळा साचा बरोबर येतो. अशा पाच ठिकाणच्या स्लाइड आणल्या की फाइल गोधडीसारखी दिसते आणि जडही होते. 'नाही' म्हटलं तर पाहुणी स्लाइड आपल्या घरचे कपडे घालते, म्हणजे आपला रंग आणि आपला फॉन्ट. मराठीच्या स्लाइडला हे बहुतेक वेळा मानवतं. उर्दूच्या स्लाइडचं मात्र इथेच बिघडतं.

उर्दू वाचणाऱ्या मुलाचा डोळा नस्तालीकला सरावलेला असतो. नस्तालीकमध्ये शब्द तिरपा उतरतो, वरून खाली ओघळल्यासारखा. नव्या साच्याने फॉन्ट बदलला की तीच अक्षरं अरबी छापाच्या सरळ नस्ख वळणात उभी राहतात. मोठ्यांना ती वाचता येतात. दुसरीतलं मूल मात्र शब्द ओळखण्याऐवजी अक्षरं जुळवत बसतं. त्यातून परिच्छेदाची दिशा डावीकडून उजवीकडे राहिली तर वाक्याचं पूर्णविरामचिन्ह भलत्या टोकाला जातं, आणि मध्ये एखादा आकडा किंवा इंग्रजी शब्द असेल तर वाक्याचे तुकडे जागा बदलतात. दिशा फिरवायचं बटण पॉवरपॉइंटमध्ये असतं, पण ऑफिसच्या भाषांमध्ये उर्दू किंवा अरबी जोडल्याशिवाय ते दिसतच नाही. फॉन्टवर एक उपाय आहे : 'ऑप्शन्स'मधल्या 'सेव्ह'मध्ये जाऊन फॉन्ट फाइलमध्येच बसवून द्यायचा. ज्या फॉन्टला तशी परवानगी आहे त्याचं काम भागतं. मराठीवालेही यातून गेलेले आहेत. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये केलेली जुनी स्लाइड तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की पडद्यावर जे दिसतं, ते वाचायला कुठल्याच भाषेचा शिक्षक उपयोगी नाही.

दिशेचा प्रश्न मजकुरापुरता असता तर बटणावर भागलं असतं. एका सहशिक्षिकेच्या पहिलीच्या तासाला मी मागच्या बाकावर बसले होते. पडद्यावर तहानलेल्या कावळ्याची चार चित्रं होती, मराठी शाळेच्या पीपीटीतून आणलेली. एकही शब्द नव्हता, त्यामुळे फॉन्टची भीती नव्हती. "गोष्ट सांगा," असं म्हटल्यावर एक मुलगी उठली आणि म्हणाली, "टीचर, कौवा उडते उडते आया, उसने पानी पिया, फिर मटके में से कंकर निकाले, फिर उसको प्यास लगी."

वर्ग हसला नाही. सगळ्यांनी गोष्ट तशीच पाहिली होती. ती मुलं उजवीकडून वाचायला शिकत होती आणि शिकवल्याबरहुकूम वाचत होती. सहशिक्षिकेने तिथल्या तिथे चित्रं उलट्या क्रमाने लावली आणि कावळ्याला तहान आधी लागली.

तेव्हापासून मला कुठलीही तयार स्लाइड पाहिली की तिच्यासमोर आधी बसलेली मुलं दिसतात. करणाऱ्याने ती आपल्या वर्गाकडे बघत केलेली असते. त्या मुलांना काय येतं, काय सांगावं लागत नाही, कुठे हसू येतं, हे सगळं त्यात न लिहिता लिहिलेलं असतं. स्लाइड उचलली की ती मुलंही बरोबर येतात आणि आपल्या मुलांच्या जागेवर बसतात.

मराठी शिकवताना हे फार जाणवतं. १९६७ साली स्थापन झालेली आपली बालभारती उर्दू माध्यमाचीही पुस्तकं काढते, आणि दुसऱ्या माध्यमांतल्या मुलांना मराठी शिकण्यासाठी 'सुलभभारती' हे वेगळं पुस्तक देते. पुस्तक वेगळं, पण ग्रुपवर फिरणाऱ्या पीपीटी बहुतेक मराठी माध्यमाच्या. त्यात एक ठरलेली स्लाइड असते : 'लिंग ओळखा. पुस्तक, घर, पाणी.' मराठी घरातलं मूल कानावरून 'ते पुस्तक' म्हणतं आणि पुढे जातं. त्याच्यासाठी हा एका मिनिटाचा खेळ. माझ्या वर्गात किताब स्त्रीलिंगी, घर पुल्लिंगी, पानी पुल्लिंगी. उर्दूत नपुंसकलिंग नाहीच. म्हणून मुलं अगदी नियमाने 'माझी पुस्तक', 'माझा घर', 'पाणी आला' म्हणतात. त्यांच्यासाठी ती एक स्लाइड निदान आठवडाभराचं काम आहे. ती मी फेकत नाही, फोडते. एका स्लाइडच्या चार होतात. आधी उर्दूचा शब्द आणि त्याचं लिंग, मग समोर मराठी शब्द, मग 'ते' आणि 'माझं'. मराठीतली मूळ स्लाइड सगळ्यांत शेवटी येते. तिथपर्यंत पोचलेली मुलं ती मराठी मुलांइतक्याच वेळात सोडवतात.

याउलट काही स्लाइड मराठी मुलांना जड आणि आमच्या मुलांना हलक्या जातात. 'परभाषेतून आलेले शब्द' ही त्यातली एक. कागद, दप्तर, तारीख, हुकूम, वकील, शिफारस, गैरहजर. मराठी शाळेत ही पाठांतराची यादी. माझ्या वर्गात ही यादी लावली तेव्हा मुलं गोंधळली. शब्द तर घरचे आणि वर शीर्षक परभाषेचं! मी स्लाइडमधला एकही शब्द बदलला नाही, फक्त शीर्षक बदललं : 'मराठीत राहायला आलेले तुमच्या घरचे शब्द'. मग मुलं स्वतःच शोधू लागली. जमीन, बाजार, हजर, जाहिरात. माधव जूलियनांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश काढला होता, हे सांगितल्यावर एकाने विचारलं, "एवढे शब्द होते की पुस्तक भरलं?" 'पुस्तक भरलं'. नपुंसकलिंग बरोबर आलं होतं. मी ते लगेच सगळ्यांना ऐकवलं.

त्या स्लाइडला मी एक शेपूट जोडलं आहे : घर सोडून स्वभाव बदललेले शब्द. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, मराठीत व्यायाम आणि कुस्तीची जागा. उर्दूत 'खाली' म्हणजे रिकामं, मराठीत 'खाली' म्हणजे तळाशी, पण तो मुळात वेगळाच शब्द, फक्त आवाज सारखा. उर्दूत 'बाद' म्हणजे नंतर, आणि मराठी समालोचनात फलंदाज बाद झाला की तो तंबूत परततो. क्रिकेटमुळे हा शेवटचा शब्द कुणालाच पुन्हा शिकवावा लागत नाही.

आता मला जो मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो. उर्दूत 'हम' एकच. मराठीत 'आम्ही' वेगळं आणि 'आपण' वेगळं. ऐकणाऱ्याला बाहेर ठेवून बोलायचं तर 'आम्ही', त्याला सोबत घेऊन बोलायचं तर 'आपण'. मराठी मुलांसाठीच्या कुठल्याही पीपीटीत मला हे समजावणारी स्लाइड मिळालेली नाही, कारण त्यांना ते दुधाबरोबर मिळतं. आमची मुलं मात्र शेजारच्या मित्राला प्रेमाने म्हणतात, "चल, आम्ही खेळू." आणि तो मित्र विचार करतो की मला वगळलं. ही स्लाइड मला कोरी करावी लागली. गल्लीतल्या बोलीतला 'अपन' तिथे कामी आला : 'अपन चलते' म्हणजे 'आपण जाऊ'.

ही स्लाइड केल्यानंतर मी दुसऱ्यांच्या स्लाइडमधले 'आपण' आणि 'आपले' फार लक्ष देऊन वाचू लागले. सणांवरची एक पीपीटी माझ्याकडे आली होती. एका स्लाइडवर 'आपले सण' : गुढीपाडवा, पोळा, दिवाळी. पुढच्या स्लाइडवर 'इतर धर्मांचे सण' : ईद, नाताळ. चित्रं सुरेख होती. करणाऱ्याच्या मनात काही वाईट असेल असं मला वाटत नाही. त्याच्या समोरच्या बाकांवर जी मुलं होती त्यांच्याशी तो बोलत होता. पण तीच स्लाइड माझ्या वर्गात लावली तर मुलांनी ईदला 'इतर' म्हणायचं का? सोपा उपाय होता, शीर्षकांची अदलाबदल. ईद 'आपले'मध्ये, दिवाळी 'इतर'मध्ये. दोन मिनिटांचं काम. पण मग मीही तेच केलं असतं, फक्त उजवीकडून डावीकडे.

मी दोन्ही स्लाइडची चित्रं एकाच स्लाइडवर आणली. वर 'आपले सण' ठेवलं. खाली थोडी जागा मोकळी सोडली आणि मुलांना विचारलं, आणखी काय? एकाने गावचा उरूस सांगितला, दुसऱ्याने यात्रा. पोळ्याला मामाचा बैल कसा सजतो, हे एका मुलीने एवढं रंगवून सांगितलं की तास संपला. 'आपण' या शब्दाचा यापेक्षा चांगला पाठ मला घेता आला नसता.

काही गोष्टी थोडक्यात. उसन्या स्लाइडखाली शिक्षकाने लिहिलेली टिपणंही येतात. ती वाचून मगच फाइल पुढे पाठवावी. एक्सेलमधून आणलेला आलेख असेल तर त्याच्यामागे गुणांची अख्खी वही लपलेली असू शकते. अशा आलेखाचं चित्र करून चिकटवावं. मुलांचे फोटो आणि नावं ही अमानत आहे. ती त्या वर्गाबाहेर जाऊ नयेत. आणि ज्याने स्लाइड केली त्याचं नाव कोपऱ्यात राहू द्यावं. आता पांढरी पट्टी चिकटवायचीही गरज नसते, एक बटण दाबलं की नाव जातं. म्हणूनच ते न दाबण्याला किंमत आहे.

आमच्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत देत नाहीत. ज्या मराठी शाळेतल्या मैत्रिणीने मला 'परभाषेतून आलेले शब्द' दिली होती, तिला मी ती नव्या शीर्षकासह आणि शेपटासह परत पाठवली. तिने शीर्षक पुन्हा बदललं : 'आपल्या मराठीतले शेजारच्या घरचे शब्द'. तालीम, खाली आणि बाद तसेच ठेवले. खालच्या कोपऱ्यात आता दोघींची नावं आहेत.