हरळीचा पास्ता

इटलीत, बोलोन्यातला आमचा तो पहिला हिवाळा. बायकोची नोकरी मोदेनात, माझी इथल्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत. मी साडेसहाला घरी पोचायचो, ती आठ वाजून गेल्यावर. त्यामुळे सोमवार ते शुक्रवार रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे. दोन महिने खिचडी, अंडाकरी आणि पिठलं यांच्यावर निभावलं. मग एका मंगळवारी मनात आलं, ज्या गावाचं नाव लावून जगभर खिम्याचा पास्ता खपतो, त्या गावात राहून आपण मुगाची खिचडी काय खातोय?

खिमा मला येतो, आता त्यात मसाल्याऐवजी टोमॅटो घालायचा, एवढाच माझा हिशेब. अर्धा किलो खिमा आणला. सवयीने कांदा चांगला तांबूस केला, आलं-लसूण परतलं आणि सगळा खिमा एकदम छोट्या कढईत लोटला. त्याला इतकं पाणी सुटलं की परतायचं राहिलं बाजूला, तो शिजतच बसला, करडा पडून. वर टोमॅटोचं आख्खं पाकीट ओतलं. चाळीस मिनिटांत उरकायचं होतं, म्हणून आच मोठी. स्पागेत्ती उकडून चाळणीत ओतली आणि चिकटू नये म्हणून वर नळ सोडला. ताटलीत शेवया एकीकडे, खिमा दुसरीकडे आणि दोघांच्या मधून लाल पाणी.

बायको दोन घास खाऊन म्हणाली, "अरे, चव छान आहे. पण हा खिमा-पाव आहे. फक्त पाव नाहीये."

दुसऱ्या दिवशी जिन्यात खालच्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. वास त्यांच्यापर्यंत गेला होताच. काय केलं होतंस, म्हणून विचारलं. "रागू," मी म्हटलं, "स्पागेत्तीबरोबर." पुरणपोळी केचपला लावून खाल्ली असं कुणी सांगितल्यावर माझ्या आईचा चेहरा जसा होईल, तसा त्यांचा झाला. बोलोन्यात रागू, म्हणजे हा खिम्याचा सॉस, तालियातेल्लेबरोबरच खातात. अंड्यात मळलेल्या पिठाच्या त्या चपट्या, जरा खरखरीत फिती. त्यांना मांस धरून राहतं, गुळगुळीत गोल स्पागेत्तीवरून ते घसरतं. मग त्यांनी विचारलं, "किती वेळ शिजवलास?" मी खरं ते सांगितलं. त्या कठड्याला धरून हसल्या.

या गावाने रागू किती मनावर घेतलाय ते मला नंतर कळलं. 17 ऑक्टोबर 1982 रोजी त्याची कृती इथल्या चेंबर ऑफ कॉमर्सकडे रीतसर नोंदवली गेली आणि 2023 मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. गाईचं मांस, डुकराची चरबीदार पान्चेत्ता, कांदा, गाजर, सेलरी, वाइन, थोडासाच टोमॅटो, दूध. लसूण दोन्हींत नाही. तालियातेल्लेचंही तसंच: शिजल्यावर रुंदी 8 मिलिमीटर, आणि मापासाठी 1972 पासून तिथेच सोन्याची एक फीत ठेवलेली आहे. आपल्याकडे पुरणपोळीची जाडी कुणी कचेरीत नोंदवायला गेलं, तर दारातच भांडणं लागतील. पण रागूत जे मांस घालतात ते राठ असतं, मंद आचेवर दोन-तीन तास घेतल्याशिवाय ते मऊ पडत नाही. माझ्या चाळीस मिनिटांत ते कुठून होणार?

"रागू रविवारी सकाळी लावायचा," आजी म्हणाल्या. "कामाच्या दिवशी ग्रामिन्या कर. साल्सिच्चा घालून."

ग्रामिन्या म्हणजे काय, ते घरी येऊन फोनवर पाहिलं. आधी पास्ता दिसला: आखूड, पोकळ, वळलेले तुकडे. त्याखाली एका गवताचा फोटो, त्याच्याच नावावरून पास्त्याचं नाव. फोटो मोठा करून पाहिला, तर ती हरळी! सावंतवाडीला आमच्या खळ्यात मातलेली, चतुर्थीला आई जिच्या एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधते तीच. इथले शेतकरीही तिला उपटून उपटून थकलेले असतात. बायकोला कळवलं, आज दूर्वांचा पास्ता. तिने नुसतं प्रश्नचिन्ह पाठवलं.

साल्सिच्चा म्हणजे डुकराच्या मांसाचं ताजं सॉसेज. सॉसेज म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे गोव्याहून येणारी चोरिसाची माळ येते: लालभडक, आंबट, वाळवलेली, तव्यावर टाकली की शेजाऱ्यांना आमंत्रण. हे त्या मानाने फिकं आणि ओलसर. आत मीठ, मिरी, कुठे लसूण नि वाइन. पण दोन्हींतली सोय एकच. कापणं, वाटणं, मुरवणं सगळं खाटकाने आधीच उरकलेलं असतं आणि चरबीही त्याने मापात घातलेली असते. आपण फक्त आतडीला सुरीने चीर द्यायची आणि मांस बाहेर ढकलायचं. वीस मिनिटांत जेवणाजोगा सॉस होतो तो यामुळेच.

दोघांना अडीचशे ग्रॅम साल्सिच्चा पुरते. अर्धा कांदा थोड्या तेलात, पण फक्त काचेसारखा होईपर्यंत. इथे माझा हात अजूनही थरथरतो, कांदा तांबूस न करता पुढे जाणं म्हणजे काहीतरी चुकतंय असं वाटतं. मग मांस, पसरट तव्यात, मोकळं मोकळं. लगेच ढवळायचं नाही. खालून चुरचुर आवाज बदलला, कडा तपकिरी झाल्या की लाकडी चमच्याने फोडायचं. मग अर्धा पेला पांढरी वाइन. तिचा आंबूस वास नाकातून गेला की ती उडाली समजायचं. मग दोनशे ग्रॅम पास्साता, म्हणजे गाळलेला टोमॅटो, आणि शेवटी दोन चमचे दूध. मीठ चाखल्याशिवाय नाही, सॉसेजमध्ये ते असतंच.

पाण्याचं माप आजींनी बोटांवर शिकवलं: शंभर ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी, दहा ग्रॅम मीठ. पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी पास्ता उपसायचा, सॉसमध्ये टाकायचा आणि त्याच पिठूळ पाण्याचा एक डाव वर ओतून हलवायचं. स्टार्चमुळे सॉस दाटतो आणि पास्त्याला लपेटून बसतो. मंगळवारी मी नेमकं तेच मोरीत ओतलं होतं, आणि उरलंसुरलं नळाखाली धुऊन काढलं होतं.

वेळेचं गणित रेल्वेने सोडवलं. गाडी कास्तेलफ्रांकोहून सुटली की बायकोचा मेसेज येतो, मी कांदा चिरायला घेतो. बोलोन्याच्या फलाटावर उतरली की मी पाणी ठेवतो. मग आमच्या रस्त्याच्या कमानींखाली शिरली की ती फोन करून एवढंच म्हणते, "बुत्ता ला पास्ता." टाक पास्ता. घरी यायला निघालेलं माणूस फोनवर हे म्हणतं, ते इथे घरोघरी. सॉस थांबतो, पास्ता कुणासाठी थांबत नाही.

गेल्या महिन्यात गाडी मध्येच कुठेतरी अडकली आणि तिच्या फोनची बॅटरीही संपली. सॉस तयार, पाणी दोनदा उकळून दोनदा बंद केलेलं. सव्वानऊला ती दारातून आली ती थेट ओट्याशी, कोट अंगातच. मी पास्ता टाकला. पाकिटावर नऊ मिनिटं लिहिलेली. सकाळचा पाव पडून होता. तिने एक तुकडा मोडून तव्यात बुडवला, मग मी एक. घड्याळाने हाक मारली तेव्हा तव्याचा तळ दिसायला लागला होता.

"आता हा खरा खिमा-पाव," ती म्हणाली, आणि कोट काढायला गेली.