दहावीनंतरची तीन वर्षे

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, ‘सायन्स की कॉमर्स?’ डिप्लोमाचे नाव त्यानंतर निघते, आणि तेही जरा आवाज खाली करून. याच शाळेतून २००१ साली दहावी झालेले आम्ही चार मित्र बेळगावातच मेकॅनिकल डिप्लोमाला गेलो. त्या दिवसांविषयी लिहा, असे मुख्याध्यापकांनी सांगितले, म्हणून हा लेख.

सुरुवातीलाच वर्कशॉपमध्ये प्रत्येकाच्या हातात लोखंडाचा एक चपटा तुकडा आणि कानस आली. चारही कडा सरळ आणि काटकोनात करायच्या, एवढेच काम! गुण्या लावून तुकडा उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की पुन्हा व्हाइसमध्ये आवळायचा. कानस पुढे जाताना कापते, मागे घेताना दाब द्यायचा नसतो, हे सर कानडीत सांगत आणि आम्ही त्यांच्या हाताकडे बघून शिकत असू. कानडीची आम्हाला भीती नव्हती, इंग्रजीची होती.

ड्रॉइंगने आम्हाला पाहायला शिकवले. आपल्या देशात ‘फर्स्ट अँगल’ पद्धत चालते. तिच्यात वस्तू वरून जशी दिसते ते चित्र समोरच्या चित्राच्या खाली काढतात. हे डोक्यात बसायला वेळ लागतो, पण एकदा बसले की कोणताही पार्ट डोळ्यांपुढे फिरू लागतो. ज्यांची चित्रकला चांगली आहे त्यांनी याचा जरूर विचार करावा. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये चित्रकलाच शिकायला गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून रंगकाम सोडून ते यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले. पुढे त्यांनी आपल्या याच बेळगावात सायकलींचे दुकान काढले, लोखंडी नांगर केले, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली.

खरी अडचण पुस्तकांची होती. शाळेत ‘तरफ’ आणि ‘टेकू’ शिकलेल्या आम्हाला ‘लीव्हर’ आणि ‘फलक्रम’ ओळखू येईनात. विषय तोच, फक्त नाव बदललेले! मग आम्ही चौघांत मिळून एक वही घातली. डाव्या पानावर इंग्रजी शब्द, उजव्या पानावर मराठी. ‘इनर्शिया’समोर जडत्व, ‘फ्रिक्शन’समोर घर्षण. ‘टॉर्क’ला कुणालाच शब्द सुचेना, तेव्हा नटाला लावलेला पाना काढून ठेवला. परीक्षेत तो पानाच आठवला.

आमचा चौथा मित्र मात्र पहिल्या वर्षानंतर परत आला नाही. कानसकामात त्याच्याइतका हात आमच्यापैकी कुणाचाच नव्हता. मराठीत विचारले तर उत्तरेही त्याला येत, पण पेपर इंग्रजीत होता. दोन विषय राहिले, घरी ओढाताण होती, आणि तो उद्यमबागेत एका कारखान्यात कामाला लागला. आज तो उत्तम कारागीर आहे. तरी हाताखाली शिकलेली डिप्लोमावाली मुले त्याच्या वर सुपरवायझर होतात, ते पाहून आम्हाला अजून वाईट वाटते. वही वर्षभर आधी घातली असती तर?

पालकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. डिप्लोमा म्हणजे पुढची वाट बंद, असे नाही. प्रवेश परीक्षा देऊन इंजिनिअरिंगच्या पदवीला थेट दुसऱ्या वर्षात जाता येते. आमच्यापैकी एकजण तसा गेला, दोघांनी लगेच नोकरी धरली. तिघांचेही बरे चालले आहे.

विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे की, नववीपासून आठवड्यातला एक तास विज्ञान-गणिताचे शब्द दोन्ही भाषांत शिकवण्यासाठी ठेवावा. त्या वहीची झेरॉक्स आम्ही वाचनालयात दिली आहे. तास सुरू झाला तर शनिवारी सकाळी आमच्यापैकी एकजण येईल, व्हर्नियर आणि कानस घेऊन.