पांदणीवर आधी कोण?

नागपूरहून भंडारा ६० किलोमीटरच्या आसपास. शनिवारी पहाटे गाडी काढायची, मागच्या सीटवर लॅब्रॅडॉर, की नऊच्या आत भाताच्या बांध्यांत! मी आणि सिंबा दर पावसाळ्यात मावशीच्या गावी जातो. पण बॉस, इथे जॉगिंग ट्रॅक नाही. आहे ती बैलगाडीपुरती पांदण आणि पुढे बांधीचा धुरा, जेमतेम एका माणसाचा.

जुलैत रोवणी जोरात असते. समोरून बायका डोक्यावर पऱ्ह्यांच्या पेंढ्या घेऊन येतात. मग चिखलात कोणी उतरायचं? रिकाम्या हाताच्यानं! शूज ब्रँडेड असले तरी. त्या दिसल्या की मी पट्टा आखूड करतो, सिंबाला पलीकडच्या बाजूला घेतो. बैलजोडी असेल तर सरळ बांधीत उतरून थांबतो. बैल बुजला तर गाडी कलायला वेळ लागत नाही.

‘तो काही करत नाही हो’ हा आपला शहरी फंडा इथे चालत नाही. सोबतच्या मित्रानं तो वापरला, तर शेळ्या चारणारे काका म्हणाले, ‘तुले मालूम आहे भाऊ, बकरीले का मालूम?’

कायदाही काकांच्याच बाजूनं आहे. आपल्या प्राण्यापासून कुणाला इजा होऊ नये याची काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

कोका अभयारण्यात मात्र मी एकटाच जातो. तिथे बिबटे आहेत, त्यांच्या घरी कुत्रा कशाला न्यायचा? सिंबा त्या दिवशी मावशीच्या अंगणात, भाकरीच्या आशेनं.