तिसरी घंटा

आमच्या लातूरकडचा माणूस मुंबईला जातो तो कामानेच. मंत्रालयातलं काम, कोर्टाचं काम, नाहीतर दवाखाना. मीसुद्धा चार वर्षांपूर्वीपर्यंत अकरा वेळा मुंबईला गेले होते आणि अकराही वेळा परळच्या एका हॉस्पिटलात. आमच्या यांच्या आजारपणात त्या शहरातलं औषधाचं दुकान, रिपोर्ट मिळायची खिडकी आणि धर्मशाळेचा जिना एवढंच मला माहीत झालं. हे गेल्यावर मुंबईचं नाव निघालं तरी मी विषय बदलायचे.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत बाराव्यांदा गेले. एकटी, आणि नाटकं बघायला. थोरल्या जाऊबाईंना सांगितलं तर त्या घाबरूनच म्हणाल्या, "अगं, आता कोण आजारी हाय?" कोणीच नाही म्हटल्यावर त्यांना आणखी काळजी वाटली.

याला एक कारण शाळेतलंही होतं. नववीला नाट्यउतारा शिकवत होते. कंसातल्या सूचना वाचून दाखवल्या, पात्रं वाटून दिली. मध्येच एका मुलाने विचारलं, "बाई, नाटकात चुकलं तर परत शूटिंग करतात का?" वर्गातलं कोणीही हसलं नाही. मग मी विचारलं, "नाट्यगृहात बसून नाटक कोणी कोणी पाहिलंय?" एकही हात वर आला नाही. मुलाला मी उत्तर दिलं, पण ते त्याला नीट पटलं नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

एकट्या बाईने प्रवास करायचा म्हणजे पहिली अडचण राहण्याची. एका लॉजवाल्याने फोनवर "सोबत कोण?" एवढं विचारलं आणि मी एकटी आहे म्हटल्यावर खोली शिल्लक नसल्याचं सांगितलं. शेवटी मैत्रिणीच्या ओळखीने दादरला एका महिला वसतिगृहात पाहुण्यांची खोली मिळाली. ज्या मैत्रिणींना असं जायचं असेल, त्यांनी ही सोय आधी बघावी, बाकी सगळं नंतर.

रात्री लातूरहून गाडीत बसलं की सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. या वेळी बाहेर आले, रस्ता ओलांडला आणि समोर उभी राहून ती इमारत निवांत पाहिली. स्टीव्हन्स नावाच्या वास्तुकाराची ही रचना. काम १८७८ साली सुरू झालं, पुरं व्हायला दहा वर्षं लागली. २००४ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. दगडात मोर आहेत, माकडं आहेत, पानं-वेली आहेत. जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा हात त्या नक्षीकामाला लागलेला आहे, हे आपल्या चित्रकलेच्या तासाला जरूर सांगा. दर्शनी भागावर रेल्वे कंपनीच्या संचालकांचे दगडी मुखवटे आहेत, त्यात नाना शंकरशेट आहेत.

नानांचं नाव नाटकाशीही जोडलेलं आहे. ग्रँट रोडचं जुनं नाट्यगृह त्यांच्याच जागेवर उभं होतं. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीला पहिलं नाटक केलं ते राजाश्रयाने. पण १८५३ च्या मार्चमध्ये त्यांच्या मंडळींनी या ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून प्रयोग केला. पुढच्याच महिन्यात, १६ एप्रिलला, बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली. म्हणजे तिकीट काढून गाडीत बसणं आणि तिकीट काढून मराठी नाटकाला बसणं, दोन्ही मुंबईला एकाच उन्हाळ्यात मिळालं. तिकीट असलं की कोण, कुठला, कोणाबरोबर आलात, हे कोणी विचारत नाही. लॉजवाल्याच्या फोननंतर मला हे फार महत्त्वाचं वाटलं.

शुक्रवारी रात्री जुहूच्या पृथ्वी थिएटरला गेले. १९७८ साली सुरू झालेलं हे छोटं नाट्यगृह, जेमतेम २०० खुर्च्यांचं. प्रेक्षक तीन बाजूंनी बसतात. नट इतका जवळ, की त्याच्या कपाळावरचा घाम दिसतो. उशिरा येणाऱ्याला आत सोडत नाहीत, त्यामुळे अर्धा तास आधीच पोचले. परतताना पार्ल्याहून लोकल पकडली तेव्हा अकरा वाजून गेले होते. बायकांच्या डब्यात एक पोलीस, ड्युटी संपलेल्या दोन नर्स, रिकाम्या टोपल्या घेतलेली एक मावशी. माझ्याकडे कोणी वळूनही पाहिलं नाही. आमच्या गल्लीत रात्री नऊनंतर बाहेर पडलं तरी चार खिडक्या उघडतात!

शनिवारी सकाळी गेटवेहून लाँचने घारापुरीला गेले. तासाभराचा प्रवास, मग शंभरावर पायऱ्या. सोमवारी लेणी बंद असतात, हे सहल ठरवताना लक्षात ठेवा. तीन मुखांची ती शिवमूर्ती सुमारे २० फूट उंच आहे. लेण्यात एकाहून अधिक बाजूंनी उजेड येतो, त्यामुळे ऊन सरकेल तसा मूर्तीच्या चेहऱ्यावरचा भाव बदलल्यासारखा वाटतो. सोबत कोणी नव्हतं, म्हणून "चला, चला" म्हणणारंही कोणी नव्हतं. मी पाऊण तास तिथेच बसले. नेपथ्य आणि प्रकाशयोजना हे शब्द फळ्यावर लिहून जेवढे कळत नाहीत, तेवढे तिथे कळतात.

संध्याकाळी दादरचं शिवाजी मंदिर. पहिली घंटा होते तेव्हा लोक वडे संपवत असतात, दुसरीला खुर्ची शोधतात आणि तिसरीला दिवे मंद होतात. शेजारी डोंबिवलीच्या एक आजी होत्या. "एकट्याच आलात? मीपण. महिन्याला एक नाटक बघते," म्हणाल्या. विनोदी नाटक होतं. कथा सांगत नाही, तुम्ही बघाल तेव्हा मजा जायला नको. पण दुसऱ्या अंकात नटाच्या हातून चहाचा कप पडला आणि खळ्‌कन फुटला. हे ठरलेलं नाही, हे सगळ्यांनाच कळलं. समोरची नटी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "सहाच्या सेटमधला चौथा!" अख्खं नाट्यगृह खदखदून हसलं. तिने पदराने तुकडे बाजूला सारले आणि नाटक पुढे गेलं. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं.

रविवारी सकाळी लोकलने परळला उतरले. हॉस्पिटलसमोरची चहाची टपरी तिथेच होती. एक कटिंग घेतला. फाटकाशी फायली छातीशी धरलेल्या बायका उभ्या होत्या, मी उभी राहायचे तशाच. एकीला केसपेपरची खिडकी सापडत नव्हती, ती दाखवली आणि परत फिरले. दुपारी माटुंग्याच्या यशवंत नाट्यमंदिरात नाटक होतं, नेमकं एका आजारी माणसाच्या घरातलं. मी मनसोक्त रडले. नाट्यगृहाच्या अंधारात रडायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि शेजारचाही डोळे पुसत असतो. चार वर्षांत घरी मला ते जमलं नव्हतं. रात्रीच्या गाडीत शांत झोप लागली.

शाळा उघडल्यावर नववीचे बाक भिंतीला लावले. तीन बाजूंनी मुलं बसवली, मध्ये रंगमंच. स्टीलच्या ताटलीवर तीन घंटा दिल्या. नियम एकच सांगितला: काहीही चुकलं तरी थांबायचं नाही, समोरच्याने सावरून घ्यायचं. प्रश्न विचारणारा मुलगा तिसऱ्याच वाक्याला अडला. समोरची मुलगी म्हणाली, "आजोबा, विसरलात ना? औषध घेतलं नाही वाटतं!" वर्ग हसला, तोही हसला आणि पुढचं वाक्य त्याला आठवलं.

पालकांना एवढंच सांगणं आहे, की जवळच्या शहरात नाटकाचा प्रयोग लागला तर मुलांना एकदा तरी न्या. आम्ही नववीचा वर्ग घेऊन जानेवारीत जाणार आहोत. जाऊबाईंनीही त्यांचं एक तिकीट काढायला सांगितलं आहे.