धुक्यातील दिवा : कळमेश्वरचा हिवाळी रस्ता

नागपूरहून काटोलच्या दिशेने निघाले की वीस-बावीस किलोमीटरवर कळमेश्वर लागते. तालुक्याचे हे गाव फार मोठे नाही, पण येथून अनेक वाटा फुटतात. एक काटोलमार्गे वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्याकडे जाते. दुसरी विठ्ठलाचे धापेवाडा आणि गणपतीचे अदासा करून सावनेरला मिळते. तिसरी गोंडखैरीजवळ अमरावती महामार्गाला जोडते. औद्योगिक वसाहतीतील पाळ्यांचे कामगार, बाजाराला निघालेले शेतकरी आणि मुक्तागिरीच्या दर्शनाला निघालेले काही यात्रेकरू या सर्वांचा येथील रस्त्यांशी संबंध येतो.

हिवाळ्यात या रस्त्यांचे रूप पालटते. ऑक्टोबर ते डिसेंबर हा आंबिया बहाराच्या संत्र्यांचा तोडा. पेट्यांनी आणि सुट्या मालाने भरलेल्या पिकअप गाड्या पहाटेच कळमना बाजाराकडे निघतात. याच दिवसांत कापूस आणि तुरीच्या शेतांतून निघालेली बैलबंडी किंवा ट्रॅक्टरची ट्रॉलीही रस्त्यावर असते. आणि याच दिवसांत कधी कधी धुके उतरते. पाऊस पडून गेलेला असावा, आकाश निरभ्र आणि वारा शांत असावा, की ओलिताच्या बागांवर आणि नदी-नाल्यांच्या काठी हवेतील बाष्प पहाटे थिजते. नागपूरची थंडी थोडी समजू नये. २९ डिसेंबर २०१८ रोजी तेथे पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता.

जैन कुटुंबांच्या दृष्टीने या काळाला आणखी एक महत्त्व आहे. दिगंबर परंपरेत दिवाळीच्या अमावास्येला आणि श्वेतांबर परंपरेत कार्तिक पौर्णिमेला चातुर्मास संपतो, आणि साधु-साध्वींचा विहार सुरू होतो. ईर्यासमितीनुसार चार हात पुढची भूमी पाहत, जीवरक्षा करीत चालायचे असते, म्हणून पाऊल सूर्यप्रकाशातच टाकायचे. परंतु धुक्याच्या दिवशी सूर्योदय होतो, प्रकाश मात्र होत नाही. चालणारे वाटेला लागतात, आणि दिवस उजाडला म्हणून वाहनचालक दिवे बंद करतात. दाट धुक्यात पांढरी वस्त्रे धुक्यातच मिसळून जातात. धोक्याची वेळ मध्यरात्रीपेक्षा ही, सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासाची आहे.

कायद्याने ही वेळ ओळखली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार दिवे केवळ रात्रीच लावायचे नसतात. १५५ मीटर अंतरावरील माणूस वा वाहन स्पष्ट दिसत नसेल, तर दिवसाही ते लावणे बंधनकारक आहे. दुचाकींसाठी तर १ एप्रिल २०१७ पासून इंजिन सुरू होताच दिवा लागण्याची व्यवस्था सक्तीची झाली. दिवा आपल्याला दिसावे म्हणून असतो, तसाच आपण दुसऱ्याला दिसावे म्हणूनही असतो.

हिशेब साधा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. समोर काही आहे हे उमगून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तरी २५ मीटर संपलेले असतात. वाहन थांबण्याचे अंतर त्यापुढे वेगळेच. दृष्टी ५० मीटरांवर अडली असेल, तर शिल्लक काय राहते हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही.

दिव्याची शक्ती बहुधा बल्ब जुना झाल्याने नव्हे, तर त्यावरील आवरणामुळे घटते. आजच्या मोटारींत हेडलाइटची ‘काच’ काचेची नसते, ती पॉलिकार्बोनेटची असते. उन्हातील अतिनील किरणांनी ती पिवळी पडते. ज्या नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदले गेले, तेथे उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचे दिवे लवकर निस्तेज होणार. उन्हाळ्यातील हे नुकसान जाणवते हिवाळ्यात. त्यावर काळ्या मातीची धूळ बसते आणि दव पडले की तिचा लेप होतो.

म्हणून निघण्यापूर्वी दिवे पुसावेत. कोरड्या फडक्याने घासू नये, कारण धुळीच्या कणांनी चरे पडतात. ओल्या मऊ कापडाने धूळ आधी सोडवावी, मग पुसावी. पेट्रोल किंवा थिनर लावू नये. पिवळेपणा गेला नाही, तर जाणकाराकडून पॉलिश करून घ्यावे, मात्र त्यानंतर किरणरोधक थर दिला पाहिजे, अन्यथा काही महिन्यांत तोच रंग परततो. मागचे दिवे आणि रिफ्लेक्टरही याच वेळी पुसावेत, कारण मागून येणाऱ्याला तेवढेच दिसतात.

माल भरलेल्या गाडीचा मागचा भाग दबतो आणि दिव्यांचा झोत वर उचलला जातो. तो रस्त्यावर पडण्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत जातो. अनेक गाड्यांत झोत खाली आणण्याची लहान चकती असते, ती भार पाहून फिरवावी. धुक्यात अप्पर लावू नये. पाण्याचे सूक्ष्म थेंब तो प्रकाश चालकाकडेच परत फेकतात आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. डिपर आणि असल्यास खालचे फॉग लॅम्प पुरेत. चारही इंडिकेटर चालत्या गाडीत लावू नयेत, त्यामुळे वळण्याची खूण हरवते. थांबायचेच झाले, तर गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्यावी, मग ते लावावेत.

समाजातील अनेक घरांतील मुले-मुली आता कॅनडा-अमेरिकेत आहेत. तेथे धुळीच्या जागी बर्फ असतो. जुन्या हॅलोजन दिव्यांच्या उष्णतेने आवरणावरचा बर्फ बराचसा वितळत असे. एलईडीची उष्णता मागच्या बाजूला जाते, समोरचे आवरण थंड राहते आणि बर्फ तेथेच साचतो. म्हणून निघण्यापूर्वी तो झाडावा लागतो, आणि लांबच्या प्रवासात मध्ये थांबून पुन्हा झाडावा लागतो. कळमेश्वरच्या धुळीला आणि टोरांटोच्या बर्फाला नियम एकच लागू पडतो.

जैन आचारात याला यतना म्हणतात. पाणी गाळून घेणे, जागा पुंजून बसणे, सूर्यास्तापूर्वी जेवणे, या साऱ्यामागे न दिसणाऱ्या जीवाची काळजी आहे. घरातील प्रत्येक क्रियेत पाळली जाणारी ही यतना वाहनाच्या दारापाशी संपू नये. पायी चालणारा चार हात भूमी पाहून जीवाला जपतो. वाहनात बसलेल्या श्रावकाची भूमी शंभर मीटरांची असते, आणि ती त्याला दिव्यांवाचून दिसत नाही. हे दिवे स्वच्छ ठेवायला दोन मिनिटे आणि एक ओले फडके पुरते.