केतकी आणि गुलाबी

आपल्या आज्या एकीला केतकी गोरी म्हणत, दुसरीला गुलाबी. केतकीच्या कांतीखालीं पिवळसर, उष्ण छटा, गुलाबीखालीं शीत. फाउंडेशन निवडतांना हीच नजर लागते. शिरूरच्या उन्हानें कांति सांवळते, ही छटा सहसा पालटत नाहीं. आम्ही मात्र उजळपणाच तेवढा मोजतों. ‘फेअर अँड लव्हली’ २०२० सालीं ‘ग्लो अँड लव्हली’ झालें. हव्यास तोच राहिला. दौंडच्या एका लग्नांत पिवळसर गव्हाळ वधूला फार उजळ, गुलाबी लेप दिला होता. मुख राखेसारखें, मान मात्र मूळची सोनेरी! मामी हळहळल्या, “पोर मुळांत काळीच!” वस्तुतः दोष डबीचा. दुकानांतील दिव्यावर न विसंबतां जबड्याच्या कडेला बोटभर लावून दिवसाच्या उजेडांत पाहावें. मानेशीं मिळून दिसेनासा होईल तो रंग घ्यावा.